को मॅडमच्या आईची बोली

शनिवारी सकाळी अकरा वाजता इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या कोरियन क्लासमध्ये शाल्मली स्वतःची ओळख सांगायला उभी राहिली आणि भलतंच काही बोलून गेली. को मॅडम मटकन खुर्चीत बसल्या.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. चुकलं का?"

ती कोरियातल्या जेजू बेटावरची बोली होती. आता ती तिथल्या म्हाताऱ्यांपुरतीच उरलीय. मॅडमना समजते, पण बोलता येत नाही. बोलायची ती त्यांची आई, समुद्रात बुड्या मारून शंखशिंपले काढणारी. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

लंडनच्या भाषणस्पर्धेला क्लासमधून एकीलाच पाठवायचं होतं. ती जागा शाल्मलीच्या मैत्रिणीने, ऋजुताने, मनातल्या मनात केव्हाच आपली करून टाकली होती. मेडनहेडहून येताना ट्रेनमध्ये शाल्मलीकडून क्रियापदं घोकून घ्यायची तीच. मॅडमनी डोळे पुसले आणि शाल्मलीचं नाव नक्की केलं.

परतीच्या ट्रेनमध्ये ऋजुताला राहवलं नाही.

"मानलं बाई तुला! साधं नाव सांगताना अडखळायचीस. यूट्यूबवरून पाठ केलंस ना?"

"ऋजू, शप्पथ. तोंड उघडलं आणि आलं."

बाहेर लख्ख ऊन होतं. शाल्मलीचे केस मात्र ओले होते, आणि डब्यात ओल्या शेवाळाचा वास येत होता.

तेवढ्यात नाशिकहून तिच्या आईचा फोन आला. "शमू, जेवलीस का गं?"

शाल्मली ऋजुताकडे बघत राहिली. "व्हॉट इज शी सेइंग?"

"पुरे झाली नाटकं," ऋजुता म्हणाली.

घरी आल्यावर तिने डोकं खाजवलं. आपण काय केलं नाही, जे हिने केलं? मग आठवलं. मॅडमनी आईच्या श्राद्धाचे पदार्थ दोघींना डब्यांतून दिले होते. ऋजुताने डबा लख्ख घासून परत केला होता. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून शाल्मलीने त्यात बेसनाचे लाडू घातले होते. ते मॅडमनी आईच्या फोटोपुढे ठेवले होते.

ऋजुताने लाडू वळले. साजूक तूप, वर बेदाणे. शाल्मलीच्यापेक्षा सरस. मॅडमच्या दारात जाऊन डबा पुढे केला.

"तुमच्या आईसाठी."

मॅडमनी जरा थांबून तो घेतला.

पुढच्या शनिवारी शाल्मली आली नाही. बरंच झालं, असं ऋजुताच्या मनात आलं. ती उभी राहिली. जिभेवर खारट चव आली. मग तिच्याच तोंडून एक घोगरा, म्हातारा आवाज निघाला. अर्थ कळत नव्हता, पण तिचं मन आनंदाने भरून आलं.

मॅडमचा चेहरा पडला.

"काय म्हणाले मी?"

मॅडमनी समोरचं पुस्तक मिटलं.

"सांगा ना. शाल्मलीपेक्षा चांगलं होतं ना?"

"आई म्हणते, ही नको. ती दुसरी पाठव."

शाल्मली फ्लॅटवर नाही. ऑफिसला गेलेली नाही. पोलिसांत कळवलंय.

तिचा फोन मात्र लागतो. उचललाही जातो. खूप खोल पाण्यातून वर आलेलं माणूस सोडतं तसा लांब, शिट्टीसारखा श्वास ऐकू येतो. बाकी काही नाही.

ऋजुता रोज फोन लावते.

काल न राहवून तिने विचारलं, "माझ्यात काय कमी आहे?"

श्वास थांबला. पलीकडे दोघीजणी हसल्या, एक ओळखीची, एक घोगरी, म्हातारी.