थावोर्न गुरुजींचा निरोप

त्या दुपारी मी साइफोनची फेरपरीक्षा घ्यायला निघाले होते. मेकाँगकाठच्या आमच्या इस्पितळात होतकरू डॉक्टरांचे हात तयार करायचं काम माझं. साइफोन पुस्तकात हुशार, पण रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली की तिचा हात लटपटे. त्या दिवशी चुकली असती तर डॉक्टरकीच संपली असती.

देहदान केलेल्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. हात जोडल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही, आणि अग्नी देण्याआधी प्रत्येक विद्यार्थी सांगतो, 'काम झालं, आता सुखानं जा.' त्या वर्षीचे थावोर्न गुरुजी जिवंतपणीही मास्तरच होते. पोरांचं मनगट धरून अक्षरं गिरवून घ्यायचे म्हणे. सकाळीच त्यांना अग्नी दिला होता.

परीक्षेला समोर नुसता प्लास्टिकचा पुतळा. साइफोनने त्यालाही हात जोडले. मला हसू आलं. तिने नळी उचलली, आणि देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मलीनचा उग्र वास आला. त्या खोलीत फॉर्मलीनचा थेंबही नसतो. तिचा हात नेहमीसारखा लटपटला... आणि एकदम थांबला. मनगट किंचित वळलं. नळी अलगद आत गेली. एवढा सफाईदार हात माझाही नाही.

"कुठे शिकलीस हे?" मी विचारलं.

ती पांढरीफटक पडली होती. "बाई, सकाळी मी निरोप दिला नाही. मी म्हटलं... मला येईपर्यंत जाऊ नका."

मेलेल्या माणसाला शब्दात अडकवू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. "आलं ना आता? मग आजच मोकळं कर त्यांना," मी दटावलं. तिने मान डोलावली आणि मी तिला पास केलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, परवा तिच्या गावी गेले. डोंगरातल्या त्या दवाखान्यात ती एकटीच डॉक्टर. तिच्या हातून एकही रोगी गुदमरून गेला नाही, असं लोक अभिमानाने सांगत होते. मलाही भरून आलं. बर्फ घातलेला चहा घेऊन आम्ही ओसरीत बसलो, तेव्हा मी हळूच गुरुजींचं विचारलं.

"कितीदा म्हटलं, जा," ती पुटपुटली. "जात नाहीत, बाई."

"का?"

"मीच म्हटलं होतं ना, मला येईपर्यंत..." तिने खाली पाहिलं. "मला अजून येत नाही. एकदाही मी घातलेली नाही ती नळी."

तिच्या हातातला पेला लटपटत होता, बर्फ काचेवर वाजत होता.

मग बर्फ वाजायचा थांबला. तिचं मनगट किंचित वळलं, पेला अलगद ओठांकडे गेला. साइफोन माझ्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

ओसरीत फॉर्मलीनचा वास होता.