शंभर चिठ्ठ्या भरेपर्यंत

एनिड ब्रेथवेटच्या हातून दुधाचं भांडं निसटलं ते थेट एका अनोळखी तरुणाच्या बाहीवर.

“सांडलेल्या दुधावर रडून काय होणार!” गल्ल्यावरून डोराआत्या म्हणाली.

तरुणाने बाही झटकलीसुद्धा नाही. ओल्या हाताने खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं — तारीख, वेळ आणि बोलणारीच्या नावासकट.

“पोलीस आहात का?” एनिडने विचारलं.

“त्याहून वाईट. कोशकार आहे.”

त्याचं नाव क्लेमंट पेल. खाण्यापिण्यावरचे वाक्प्रचार गोळा करायला तो लंडनहून यॉर्कशरमध्ये आला होता. शंभर चिठ्ठ्या भरल्या की परत. नियम कडक होता — कुणाला विचारायचं नाही, माणूस आपणहून बोलला तरच नोंद. म्हणून तो रोज या आत्या-भाचीच्या चहाच्या दुकानात खिडकीपाशी बसून लोकांचं बोलणं चोरून ऐकू लागला. दुसऱ्या कुणाला गावाने यासाठी बदडलं असतं. कोशासाठी म्हटल्यावर ते संशोधन ठरलं.

पीकही उदंड होतं. युद्धापासूनचं रेशन उठून वर्ष झालं नव्हतं. चौदा वर्षं लोण्याचं दर्शन दुर्मीळ, पण साहेबाला लोणी लावणं एक दिवसही थांबलं नव्हतं.

“किती झाल्या?” चहा ठेवताना एनिड विचारायची.

“एकसष्ट.”

“बऱ्याच की...”

“तुमच्या आत्याबाई बोलक्या आहेत.”

“आणि मी?”

“तुम्ही —” तो साखर न घालताच चहा ढवळत राही. “तुमच्या अजून दोनच.”

ज्या दिवशी तो “ब्याण्णव” म्हणाला, त्या दिवशी एनिडने बोटांवर हिशेब केला. आणखी आठ, की लंडनची गाडी! दुसऱ्या दिवशी तो यायच्या आत तिने सगळ्या गिऱ्हाइकांना दम भरला — दुकानात खाण्यावरून एकही म्हण नको.

लोकांचे फार हाल झाले. “त्या कौन्सिलरच्या थापा चिमूटभर मीठ —” एवढं बोलून निवृत्त पोस्टमन ओल्डरॉइड दचकले, आणि “— पाऊस येणार वाटतं,” असं त्यांनी वाक्य संपवलं. पाद्रीबाईंनी तर तीन दिवस बोलणंच सोडलं. गावाने तक्रार केली नाही.

आकडा ब्याण्णववर अडला. पण क्लेमंटची पेन्सिल मात्र चालूच... एनिडला कळेना, फितूर कोण?

शेवटी डोराआत्याचा बांध फुटला. “पुरे झालं, एनिड! हा मुलगा जाऊ नये म्हणून तू आमची तोंडं शिवलीस. त्याला सरळ सांगून टाक ना! केक हातातही राहावा आणि पोटातही जावा, असं कसं चालेल गं?”

एनिड लालेलाल.

“लिहा ना,” ती कशीबशी म्हणाली. “त्र्याण्णवावी.”

क्लेमंटने पेन्सिल खाली ठेवली. “ही आहे माझ्याकडे. शंभर तर महिन्यापूर्वी, ईस्टरलाच झाल्या, मिस ब्रेथवेट. ब्याण्णव मी... नुसतं सांगत होतो.”

“मग रोज लिहीत काय होता?”

“हवामान.” त्याचे कान लाल झाले. “आणि तुम्ही.”

एनिडने ट्रे बाजूला ठेवला. समोरची खुर्ची ओढली आणि भर दुपारी, चार टेबलं खोळंबलेली असताना, ती त्याच्यासमोर बसली.

“वाचा,” ती म्हणाली. “हवामान सोडून.”