दोन पेन्सिल सेल

सांगलीहून कवठे महांकाळला जाणाऱ्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली, पण माझ्या पिल्लांना कुणी मांडी देईना. भोकं पाडलेली दोन पुठ्ठ्याची खोकी, आत नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं आणि त्यांची अखंड चिवचिव. एक खोकं मी मांडीवर घेतलं होतं. दुसरं कुठं ठेवावं कळेना.

"इकडं द्या," शेजारचा तरुण म्हणाला. स्वतःची पिशवी पायाशी सरकवून त्यानं खोकं मांडीवर घेतलं. शर्टाच्या खिशाला पेनासारखा टेस्टर अडकवलेला. खिडकीतून थंडगार वारं येत होतं.

"गारठतील की ही," तो म्हणाला, आणि पिशवीतून साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी काढून त्यानं खोक्याच्या भोकाशी धरली. दुसऱ्या हातात एक जरा मोठा डबा होता, त्यावर आकडा उमटला.

"बत्तीस. आपल्यापरास हीच सुखात हायती."

"ह्ये काय वो?" मी न राहवून विचारलं.

"टेंपरेचर सांगणारं मशिन. डबी शेडात टांगायची, डबा घरात ठेवायचा. मधी वायर न्हाई. रेडिओगत हवेतनं कळतंय. गारठा न्हाईतर उकाडा वाढला की घरातला डबा वरडतो."

"आनि डबी खोटं बोलली तर?"

"ती न्हाई खोटं बोलत. आनि... मी बी न्हाई."

एवढं बोलून गडी समोर बघायला लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. मला हसू आवरेना.

त्याचं नाव राजरत्न. पाटणकडचा. कुपवाडच्या एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपात कामाला होता. त्याच्या मालकानं हे मशिन बनवलं होतं आणि ट्रायल घ्यायला कुणी शेड देईना. मग मीही माझी कथा सांगितली. गेल्या थंडीत पहाटे लाईट गेली, पिल्लांना ऊब देणारे ब्रूडरचे बल्ब विझले, आणि मी घरात गाढ झोपलेली. उबेसाठी पिल्लं एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली. सकाळी शेडाचं दार उघडलं तेव्हाचं दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. या खेपेला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, निक्षून सांगितलं होतं, "आता पिल्लं गेली तर शेड बंद. तू पुण्याला भावाकडं जायचं." मला पुणं नको होतं. मला माझी शेड हवी होती.

"मग तुमच्यातच बसवू की," राजरत्न म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की पुढच्या बाकावरच्या बाई मागं वळून बघू लागल्या.

तो दुसऱ्याच दिवशी आला. अण्णांना जय भीम घातला, आईच्या हातचा चहा घेतला आणि शेडात शिरून चक्क भाताच्या तुसावर पालथा पडला.

"आवं, काय करालाय?"

"पिल्लू हुतोय. डबी पिल्लाच्या पाठीएवढ्या उंचीवर पायजे. माणसाच्या उंचीवर टांगून काय उपेग?"

तोवर एक पिल्लू त्याच्या मानेवर चढलं होतं, दुसरं केसांत चोच घालत होतं. मला वाटलं, या माणसाकडं बघत बसावं. वाटलं आणि माझी मीच दचकले.

डबी बसली, पण पत्र्याच्या शेडातून घरात काही पोचेना. मग तो शेडात डबी हलवत राहिला आणि मी डबा घेऊन घरभर फिरत राहिले.

"आलं काय?" शेडातून हाक.

"न्हाई! नुसत्या दोन आडव्या रेघा!"

"आता?"

"रेघाच!"

"आता?"

"आलं, आलं! तेहतीस!"

"कुठं हुबं हाईसा?"

मी आजूबाजूला पाहिलं, आणि आवाज आपोआप खाली आला. "माझ्या... उशापाशी. फळीवर."

मग शेडातून आवाज आला, "तिथंच ऱ्हाऊ दे मग. झोपमोड झाली तर मला शिव्या घाला."

जाताना त्यानं सगळं समजावलं. डबीवर लाल बत्ती लुकलुकली की ती जिवंत आहे. आत दोन पेन्सिल सेल, ते वर्षभर पुरतात.

वर्षभर कसले, पुढचा बाजार भरायच्या आत संपले! डब्यावर परत दोन रेघा. मी स्टँडवरच्या पीसीओवरून फोन लावला. दुसऱ्या दिवशी राजरत्न हजर. नवे सेल घातले, बत्ती लुकलुकली, आईनं पोहे केले. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

"सेल खाताय काय तुमी?" त्यानं मिश्कीलपणे विचारलं.

"तुमीच जुनं सेल आणून घालत असाल."

"मी कशाला जुनं घालीन?"

"मला काय ठावं... एसटीनं हिंडायची हौस असंल."

खरं सांगते, मला ते खरंच वाटत होतं. हा माणूस मुद्दाम अर्धमेले सेल घालतो, म्हणजे परत यायला निमित्त. राग यायला हवा होता, पण मी आपली मोतिया रंगाचा ड्रेस इस्त्री करून ठेवत होते. आणि तोही रागावत नव्हता. उलट सेल बदलताना माझ्याकडं बघून असा हसायचा, जसं माझंच काही गुपित त्याला कळलंय.

तिसऱ्या खेपेला मात्र तो हसला नाही. "मालक म्हंतोय, आता बंद पडलं तर मशिन काढून आन. ट्रायल फेल."

"मग... तुमी येणार न्हाई?"

"मशिनच नसंल तर कशाला येऊ?" तो तुसाकडं बघत म्हणाला.

त्यानंतर मी डब्यावरून नजर काढली नाही. रोज निजताना आकडा बघायचा, मगच डोळे मिटायचे.

आणि एका पहाटे मला जाग आली ती रेडिओच्या दणदणीत भूपाळीनं. अण्णा चुलीपुढं हात शेकत बसले होते, शेजारी त्यांचा छोटा रेडिओ गळा काढून गात होता. मी उशापाशी पाहिलं. दोन आडव्या रेघा! बटण दाबलं, लाईट नव्हती. मी अनवाणी धावले. शेडात बल्ब विझलेले, पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होऊन एकमेकांवर चढायला लागलेली. मी हातानं गोळा मोडला, आई शेगडी घेऊन आली, निखारे फुलले. हळूहळू पिल्लं पांगली आणि दाणे टिपायला लागली. एकही गेलं नव्हतं. मी तुसात बसून रडले, आणि तशातच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काल सकाळी खरखरणारा रेडिओ आज एवढा ठणठणीत कसा?

"अण्णा, रेडिओत सेल कुठलं?"

"डबीतलं," अण्णा निवांतपणे म्हणाले. "दर खेपेला माझं सेल उन्हात तापवून दमदार करतो नि तिच्यात घालतो. ती डबी गाती काय, बोलती काय? बारकी बत्ती लुकलुकाय कोरं सेल कशाला?"

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा!"

मी फोन लावला तसा दुपारी राजरत्न आला. आईनं त्याला सगळं सांगितलं. अण्णा ओशाळून गोठ्याकडं निघून गेले. शेडात आम्ही दोघंच उरलो.

"म्हंजे तुमी... सेल काढत नव्हता?" तो म्हणाला.

"मी? मला वाटलं तुमीच जुनं घालताय!"

"मी?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. आपण काय कबूल करून बसलोय ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"मग तुमी मालकाला माझं नाव का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी का न्हाई भांडला?"

मी ओढणीवरचं तूस झटकायला लागले. त्याच्या कानाच्या पाळ्या मात्र पुन्हा लालभडक झाल्या होत्या.

नव्या सेलांवर डबी बिनबोभाट चालली. पिल्लांना पिसं फुटली, ब्रूडर निघाला. अण्णांनी शेडाला दुसरी खोली जोडायचं स्वतःहून काढलं, पुण्याचं नाव कुणी घेतलं नाही. ट्रायल पास झाली, आणि राजरत्न मशिन परत न्यायला आला.

मी डबी उघडली. दोन्ही सेल काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

"सेल तुमी न्या. डबी माझ्यापाशी ऱ्हाईल."

"असं कसं? डबीबिगर सेल काय कामाचं?"

"आनि सेलाबिगर डबी तरी काय कामाची?" आता थांबायचं नव्हतं. "पाटणास्नं आई-वडलांना घिऊन या... सेल घालायला."

त्यानं सेल मुठीत घट्ट धरले. "खोटं न्हाई ना बोलत?"

"माझी डबी बी न्हाई बोलत."

पुढच्या रविवारी ती मंडळी आली. साताऱ्याचे कंदी पेढे, आणि अण्णांच्या रेडिओला सेलांचं आख्खं पाकीट. घरात थोरामोठ्यांचं बोलणं रंगात आलं, तसे आम्ही पिल्लं दाखवायच्या निमित्तानं शेडात गेलो. डबी माझ्या तळहातावर होती. राजरत्ननं खिशातून ते दोन सेल काढले, डबीत बसवले, झाकण लावलं. लाल बत्ती लुकलुकली. त्यानं हात काढून घेतला नाही. उलट दोन्ही हातांनी माझी मूठ झाकली, डबीसकट.

"दर्शनी..." त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली.

तेवढ्यात घरातून डब्याचा आरडाओरडा आणि पाठोपाठ आईची हाक आली, "अगं ए, आकडा भराभरा वर चाललाय! पिल्लं बरी हायती न्हवं?"

मी हात सोडवून घ्यायला गेले, त्यानं सोडला नाही.

"लय बरी हायती!" राजरत्ननं ओरडून सांगितलं.