फुटलेलं सील

दार लोटून घ्या आधी. आणि तू तो मोबाइल खाली ठेव. त्याचा उजेड तोंडावर पडला की तूच भूत दिसतोस.

तर ही हकिकत आमच्या साडूभाऊंची. तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचे यजमान, जंगलखात्यात गार्ड आहेत ते. सरळ माणूस. खोटं बोलायची वेळ आली की आधी त्यांचे कान लाल होतात, म्हणून पत्त्यांत आम्ही त्यांना हमखास हरवतो. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा मी त्यांच्या कानांकडेच बघत होतो. नाही झाले लाल.

गेल्या थंडीतली गोष्ट. रविवारची रात्र, सोमवारी कोर्टात तारीख. काम साधंच होतं. ऑफिसातल्या मुद्देमालाच्या खोलीत झोपायचं आणि सकाळी तिथली पत्र्याची पेटी जीपमध्ये घालून कोर्टात न्यायची. पेटीत बिबट्याच्या मादीचं कातडं. दोन वर्षांपूर्वी साडूभाऊंनी स्वतःच मीठ चोळून, गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं. कडीला सुतळी आणि सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील. ते न्यायाधीशांसमोरच फोडायचं असतं. आधी फुटलं, तर आत तेच कातडं आहे कशावरून? एवढ्या एका प्रश्नावर आरोपी सुटतो.

आरोपीला सगळे तारवालाच म्हणायचे. मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार घेऊन जनावरांच्या वाटेवर फासक्या लावायचा. ही त्याची तिसरी खेप. पहिल्यांदा समज देऊन सोडलेला. दुसऱ्यांदा दंड भरला आणि कोर्टाबाहेर साडूभाऊंनाच चहा विचारला, "दमलात हो साहेब माझ्यामागे." या खेपेला तरी तो आत जाईल, एवढ्या एका आशेवर साडूभाऊंनी दोन वर्षं त्या सीलला जपलं होतं.

काय म्हणालीस? किती शिक्षा झाली असती? पुस्तकात वर्षं लिहिलेली आहेत गं. पण सरकारी वकील म्हणाले होते, फार तर काही महिने. घरी म्हातारी आई, लहान मुलं, हे सगळं बघितलं जातं. तू म्हणशील, जन्मभर डांबा. मलाही वाटतं तसं. मग त्याची पोरं दारात वाट बघताना दिसतात. मला नाही ठरवता येत. पुढे ऐका.

कातडं पकडलं त्या रात्री जवळच्या झुडपात तिचं एक पिल्लू सापडलं होतं. डोळे नुकते उघडलेले. साडूभाऊंनी त्याला खोक्यात, बल्बच्या उबेला ठेवलं, बाटलीने दूध पाजायला बघितलं. त्याने तोंड लावलं नाही. रडायचं नुसतं. रडणं बारीक बारीक होत गेलं आणि एका पहाटे थांबलं. ऑफिसच्या मागे पुरलं त्याला. पिल्लाचं बोलताना साडूभाऊ आजही मध्येच उठून पाणी प्यायला जातात.

तर रविवारी जेवून ते खोलीत आले, पेटीला लागूनच अंथरूण घातलं, दाराला आतून कडी लावली. बारा वाजून गेल्यावर वीज गेली. कुत्री गप्प झाली.

मग ऑफिसच्या मागून आवाज आला. बारीक.

त्यांनी ओळखला. आपण ज्याला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलो, त्याचा आवाज माणूस विसरतो होय?

ते उठून बसले. आवाज भिंतीशी आला. मग दाराशी. कडी तशीच होती...

मग आवाज खोलीत आला.

दिसत काही नव्हतं. पेटीभोवती फिरत होतं. झाकणाच्या फटीशी हुंगत होतं. आणि पेटीत... पेटीत काहीतरी सावकाश कुशीवर वळलं. पत्रा जरासा वाजला.

"उद्या," साडूभाऊ म्हणाले. "उद्या उघडतील, बाळा. मला नाही उघडता येत. एवढी एक रात्र थांब."

ते रडतच राहिलं.

"ज्याने हे केलं ना, त्याला आत घालायचंय रे. त्यासाठीच..."

आवाज बारीक झाला. आणखी बारीक. त्या पहाटेसारखा. आता थांबणार, हे साडूभाऊंना कळलं. दुसऱ्यांदा थांबणार. आणि आपण दुसऱ्यांदा नुसते बघत बसणार.

त्यांनी सील फोडलं.

झाकण उघडलं. बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून बसले.

शांत...

मग दूध ओढल्याचा आवाज. चुटूक, चुटूक. उजाडेपर्यंत.

सकाळी खोलीत कोणी नव्हतं. गोणपाट जागच्या जागी. नवी लाख लावता आली असती. शिक्का साहेबांच्या टेबलात आणि टेबलाची किल्ली साडूभाऊंच्याच खिशात. पण ते कान! कोर्टात विचारलं, कोणी फोडलं? म्हणाले, मी. का फोडलं?

काय सांगणार?

तारवाला सुटला. बाहेर आल्यावर त्याने साडूभाऊंपुढे हात जोडले. थट्टा नव्हती, खरंच डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "माझ्या पोरांची आठवण ठेवलीत, साहेब," म्हणाला. साडूभाऊंना तेच सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला म्हणाले. साहेबांनी त्यांची बदली केली. पंधरा दिवसांच्या आत ओढ्याच्या वाटेवर नवी तार सापडली, आणि ती कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं.

कातडं जाळून टाकायचा हुकूम झाला, तोही साडूभाऊंच्याच हातून. साडूभाऊंना एकट्याने जाववेना, म्हणून मी गेलो सोबत. ऑफिसच्या मागे लाकडं रचली, रॉकेल ओतलं. दोन वर्षं मिठात वाळलेलं कातडं ते. पापडासारखं कडक झालेलं. भराभरा जळालं. डोकं गेलं, पाय गेले, शेपूट गेली.

पोटाकडचा एक तुकडा तेवढा राहिला. हाताच्या पंजाएवढा. पुन्हा रॉकेल ओतलं. पुन्हा पेटवलं. नाही जळाला.

साडूभाऊ हलेनात. मग मीच काठीने तो राखेतून बाहेर ओढला. गार होऊ दिला. हात लावला...

केस ओले होते. आणि माझ्या बोटांना दुधाचा वास येत होता.