उभ्या सायकलचा वेग

चुंबक हरभऱ्याएवढं होतं, पण गुण भलतेच! दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातातून निसटलं, पायरीवरून उडी मारून रस्त्यावर गेलं, चक्क चढावर घरंगळलं आणि समोरून येणाऱ्या चष्मेवाल्याच्या सायकलच्या साखळीला जाऊन चिकटलं. पटत नसेल तर तिच्या आत्याला विचारा. ती म्हणते, वाटेत त्याने दोन वळणंही घेतली.

"हे तुमचं?" त्याने विचारलं.

"हो... म्हणजे, सायकलचं."

डॉक्टरीण दुसऱ्याची दाढ हसत उपटायची, पण स्वतःच्या बाबतीत काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. दारात नवी माउंटन बाइक उलटी मांडलेली, शेजारी वेग दाखवणाऱ्या बिनतारी सायकल कॉम्प्युटरचे सुटे भाग, आणि तिच्या कपाळावर घाम. त्याच्या हँडलवर अगदी तसंच यंत्र होतं. तो शेजारी उकिडवा बसला.

"सेन्सर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, चुंबक चाकाच्या तारेला. दोघांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. लांब राहिलं तर पत्ता लागत नाही, फार जवळ आलं तर घासतं."

"चुंबकाबद्दल बोलताय ना?"

त्याचे कान लाल झाले. "...चुंबकाबद्दलच."

चाक फिरवलं, आकडे पळू लागले. तो हात पुसून गेला — आणि पुन्हा काही दारी आला नाही.

सायकल पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला टेकून राहू लागली. दुसऱ्याच संध्याकाळी यंत्राचा पडदा आपोआप जागा झाला. वेग आठ! चाक मात्र ढिम्म.

"आत्या, माझं काहीतरी चुकलंय!" तिने बॅटरी बदलली, चुंबक काढून पुन्हा बसवलं. पुढच्या संध्याकाळी पुन्हा आठ.

"उभ्या उभ्या आठचा वेग!" आत्या म्हणाली. "माझ्यावर गेलीये गं. मीही बसल्या जागी दमते."

"थट्टा नको. शनिवारी उत्तर द्यायचंय, त्यात हे!"

उत्तर नोकरीचं होतं. दूरच्या शहरात मोठा दवाखाना होता. हो म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि नाही म्हणायला कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते कारण चष्मे विकत होतं आणि त्या दिवसानंतर दिसलंच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी आत्या खिडकीशी बसली, बोटाने खिडकीचा पडदा सारून.

"अगं वेडे, भूत कसलं! तुझा चष्मेवाला खिडकीखालून जातो, त्याचंही यंत्र तसलंच बिनतारी, आणि त्याच्या चाकाचा वेग तुझं यंत्र पकडतं. रोज जातो बघ, मान खाली घालून."

ती यंत्राकडे वळली. पडद्यावर आठ... आणि एकदम शून्य.

गेला — की थांबला? पुढे निघून गेला तरी शून्यच, दाराशी उभा राहिला तरी शून्यच! आत्याने मुद्दाम खिडकीचा पडदा सोडून दिला, आणि दाराची घंटी वाजेना. तिने दाराशी जाऊन कडीला हात लावला, पण ओढेना. रस्ता रिकामा दिसला तर? त्यापेक्षा बंद दार बरं...

"उघडतेस, की मी उघडू?" आत्या म्हणाली. "मग तो माझ्याशीच बोलेल हं."

तिने कडी काढली.

तो उभा होता. दोन्ही ब्रेक घट्ट दाबलेले, जणू सायकलच पळून जाईल.

"रोज जाता इथून?"

"रोज ठरवतो, दाराची घंटी वाजवायची. मग बोटच वळत नाही."

"आणि आज?"

"आत्याबाई दुकानात आल्या होत्या. चष्मा नकोच होता त्यांना. म्हणाल्या, भाची चालली..." त्याने घसा खाकरला. "जाऊ नका म्हणायचा मला हक्क नाही."

"मग मागा ना," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसलेल्या तिच्याच पेशंटसारखे डोळे गच्च मिटून घेतले.

तो जवळ आला, अगदी हळू काहीतरी बोलला...

"ए, मोठ्याने!" आतून आत्या ओरडली. "काय म्हणतोय तो?"

"थांब म्हणताहेत!" ती डोळे उघडून म्हणाली.

"मग थांब की! आणि त्यालाही आत घे, तिन्हीसांजेला दारात उभा करून ठेवलाय जन्मभर!"