पट्टा अजून भरतोय

विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. डेनिस बर्गक्विस्ट माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिला थापा मारता येत नाहीत. आयुष्यात एकच मारली, आणि हे सगळं त्यातूनच झालं.

डुलुथ, मिनेसोटा. जानेवारीतला मंगळवार, दुपारचे दोन. बाहेर उणे चोवीस.

आमची कंपनी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर हलवायचं सॉफ्टवेअर बनवते. काम मागे चालतं आणि ते किती झालं, हे पडद्यावरचा हिरवा पट्टा सांगतो. मोठी फाइल आली की पट्टा अडून बसायचा. गिऱ्हाइकं कावायची.

म्हणून डेनिसने युक्ती केली. तिचा पट्टा कामाला विचारायचाच नाही, घड्याळाला विचारायचा. वीस मिनिटांत शंभर टक्के. शेवटी एक गोड ओळ: 'थोडंच राहिलंय…'

"अगं पोरी, काम जागचं हललं नाही आणि तुझा पट्टा पोचलासुद्धा!" वेन हापाला म्हणाला होता. साठी उलटलेला, ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस. पट्टा एक टक्का सरकला की कॉफीच्या कपावर चमचा वाजवायची त्याची खोड.

टिंग.

"हलताना दिसलं की लोकांना बरं वाटतं हो, वेन."

"बरं वाटायला ओव्हनमधली गरमागरम हॉटडिश खावी. पट्ट्याने खरं बोलावं."

रोजची कटकट नको, म्हणून एका शुक्रवारी ती म्हणाली, "काढून टाकलं ते."

काढलं नव्हतं. सोमवारी काढू, असं मनात होतं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, वेनने घरी आमच्याच सॉफ्टवेअरने एक जुनी डिस्क नवीवर हलवायला लावली. तिच्यावर मार्लिसचा, त्याच्या वारलेल्या बायकोचा आवाज होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. पट्टा भरला. त्याने जुनी डिस्क पुसली.

नवीवर काहीच नव्हतं.

तो डेनिसला एक शब्द टाकून बोलला नाही. "पट्टा भरला होता गं," एवढंच. त्या दिवसापासून चमचा वाजायचा बंद झाला. नोव्हेंबरात वेन झोपेतच गेला.

डेनिस रडली नाही. आत काहीतरी गोठलं ते गोठलंच. तिने खोटा पट्टा काढला, ती ओळही खोडली.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी वेनची मुलगी किर्स्टन तीच पुसलेली डिस्क घेऊन आली.

"आईचा आवाज उरलाय का बघ ना. नुसतं 'हॅलो' असलं तरी चालेल."

डेनिसने शोध सुरू केला. तासाभरात काम संपलं. किती सापडलं ते दाखवणारा पट्टा शून्यावरच. काहीही सापडलं नाही.

"नाही गं."

किर्स्टन कोट चढवू लागली. डेनिसने डिस्कची वायर काढली. दिवा विझला. घरघर थांबली.

आणि…

टिंग.

पट्टा एक टक्का सरकला होता.

"चालू आहे की!" किर्स्टन म्हणाली.

"नाही. चालू नाहीये."

डेनिसने चालू कामांची यादी उघडली. आमचा प्रोग्राम त्यात नव्हताच. तिने कॉम्प्युटरची वीजच तोडली. पडदा काळा झाला. पुन्हा लावला, तर…

दोन टक्के.

वेनचं टेबल रिकामं होतं. कप तर किर्स्टनच्या घरी होता.

"बाबांचा चमचा आहे हा," किर्स्टन हळूच म्हणाली. "बंद करणार?"

"नाही," डेनिस म्हणाली.

तीन वर्षं झाली. कधी आठवड्याला एक टक्का, कधी दोन-दोन महिने काहीच नाही. खरं काम असंच चालतं. डिस्क वायर गुंडाळून खणात पडून आहे. किर्स्टन दर रविवारी फोन करते, "किती?" विचारते, आकडा ऐकते, ठेवते.

भीती वाटते का, मी विचारलं होतं.

"काहीच वाटत नाही," डेनिस म्हणाली. "तेच वाईट आहे."

गेल्या गुरुवारी, भर दुपारी, मीही ऐकलं.

टिंग.

नव्याण्णव.

आणि पट्ट्याखाली एक ओळ उमटली. डेनिसने स्वतःच्या हाताने खोडलेली…

'थोडंच राहिलंय…'

ही ओळ वेनची आहे की तिचीच थाप तिच्याकडे परत आलीय, हे तिला कळत नाही. मलाही नाही.

रविवारी किर्स्टनचा फोन आला.

"किती?"

"नव्याण्णव."

या वेळी तिने फोन ठेवला नाही.

"डेनिस… खरं सांग. होईल ना?"

'थोडंच राहिलंय' डेनिसच्या ओठांवर आलं. ते गिळून ती म्हणाली, "माहीत नाही गं. पट्टा अजून भरतोय, एवढंच खरं."