ठकीची दुसरी सुई

"इन्सुलिनच्या सुया—" आम्ही दोघं एकदमच बोललो. जव्हारच्या मेडिकलवाल्याने शेवटचं पाकीट वर धरलं. "आता कोणाला देऊ?"

मी शेजारी पाहिलं. उंच, सावळा, चष्मा कपाळावर सरकवलेला. वडिलांसाठी हव्यात म्हणाला. मग मोठ्या सहानुभूतीने विचारलं, "तुमच्या घरी कोणाला?"

"ठकीला."

"आजी?"

"मांजर."

तो हसला नाही. मी तिथेच निम्मी विरघळले.

पाकीट फोडून त्याने सुया वाटून घेतल्या. केयूर त्याचं नाव, खोडाळ्याच्या शाळेत गणित शिकवतो. "उद्या नाशिकहून आणखी येतायत. तुम्हाला आणून देतो... आणि पेशंटलाही बघतो. चालेल?"

"उद्या वाघबारस. घर पाहुण्यांनी भरलंय हो."

"म्हणजे चालेल," तो म्हणाला आणि पत्ता लिहून घेतला.

दिवाळीत लोकांना फराळाची घाई, मला धाक! ठकीला सकाळ-संध्याकाळ जेवली की सुई. त्यात कोणी प्रेमाने करंजीचं सारण चारणार, कोणी दार उघडं टाकणार, फटाका वाजला की ही पलंगाखाली उपाशी बसणार. या सुईपायी मी कुठे मुक्कामाला जात नव्हते आणि दोन स्थळंही हातची घालवली होती. "मांजरासकट सून कोण करून घेईल गं, स्वरा?" हे आमच्या विद्युल्लताआत्याचं ठरलेलं वाक्य. आत्या नावाप्रमाणेच आहे, कडाडते.

वाघबारशीला जामसर गावच्या आमच्या ओळखीच्या पुष्पामावशी वाघदेवाच्या नैवेद्याची खीर घेऊन आल्या. "वाघाची मावशी हाय ना ती? मग तिला नको का निवद?" म्हणत त्यांनी ठकीला एक बोट चाटवलं. झालं! मग प्रत्येक पाहुण्याने एकेक बोट. मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत ठकी मिशा पुसत होती.

दुपारी केयूर दारात आला. मी "या" म्हणणार तेवढ्यात ठकी समोरून आली, लटपटली... आणि आडवीच झाली.

"हिला कोणी काय दिलं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

आत्याचा चेहरा उतरला. "अगं, खीर खाल्ली ना तिने... मी नाही का श्रीखंड खाल्लं की जास्तीची सुई घेत? म्हटलं तू पाहुण्यांच्या गडबडीत... माझ्यातलीच दिली. थोडीशीच."

सकाळची सुई मी दिली होती. त्यावर ही दुसरी!

ठकीच्या नाशिकच्या डॉक्टरांना फोन लावला. साखर एकदम खाली गेलीय, ते म्हणाले. साखरेचं पाणी हिरड्यांना चोळत राहा, घशात ओतू नका, ताबडतोब निघा. मी फोन ठेवेपर्यंत केयूरने गाडीचं दार उघडून ठेवलं होतं.

मोखाड्याच्या वाटेवर वळणामागून वळण. ठकी माझ्या मांडीवर, ओल्या फडक्यासारखी.

"श्वास चालू आहे?"

"वाटतंय..."

"वाटतंय नको. मोजा. मोजत राहिलात की रडू येणार नाही."

मी मोजलं आणि रडलेही. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही सणाच्या दिवशीच का आलात? सुया उद्याही चालल्या असत्या."

"सुया घरीच विसरलो." त्याने गाडी सांभाळून वळवली. "कालपासून एकच डोक्यात आहे. मांजराला एवढा जीव लावणारी मुलगी माणसासाठी काय करेल... आणि ते माणूस मी असावं, असं फार वाटतंय."

"ही काय वेळ आहे?" मी हुंदका गिळत म्हणाले.

"नाही. पण तुम्ही विचारलंत."

मी ठकीच्या हिरड्यांवर बोट फिरवत राहिले. ती गेली तर? हा एवढं गोड बोललेला माणूस आयुष्यभर मला याच रस्त्यासोबत आठवेल. मला तो असा आठवायला नको होता... मोखाडा मागे पडला आणि ठकीने माझं बोट चावलं. कडकडून!

"आई गं!" मी इतक्या आनंदाने आयुष्यात किंचाळले नव्हते. केयूरने गाडी कडेला घेतली, चष्मा काढला आणि उगाचच बराच वेळ पुसत बसला.

डॉक्टरांनी ठकीला सलाईन लावलं, साखर पुन्हा पुन्हा तपासली आणि मगच सोडलं. आज सुई नको, म्हणाले, आणि यापुढे दहाजणांचे हात नकोत.

रात्री उशिरा परतलो तर सगळं घर ओटीवर. आत्याचे डोळे रडून सुजले होते. ठकीचं डोकं कुरवाळत ती म्हणाली, "मी परत त्या सुईला हात लावणार नाही."

"नकोच लावू. मी देईन. मी नसेन तेव्हा केयूर देईल."

"केयूर? म्हणजे हा?" आत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हा आपला कोण लागतो?"

केयूर काही बोलणार होता, पण मीच आधी बोलले.

"अजून कोणी लागत नाही, आत्या. पण मला हवाय तो."

माझे कान तापले. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. आत्याने पदराने नाक पुसलं आणि नेहमीसारखी कडाडली, "मग जावयाला दारात काय उभं केलंयस?"